तू न आणलेला पाऊस

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा तुला पत्र लिहिणं म्हणजे दुहेरी खुळेपणा आहे. तरी लिहिते. आपल्या वाडीतले लोक हल्ली तुझ्याविषयी जे बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरलं आहे, आणि राग काढावा तर ती माणसं आता फार मऊ झाली आहेत. मऊ बोलणाऱ्याशी भांडता येत नाही. तुझ्याशी भांडायची सवय आहे, म्हणून तुझ्याशीच बोलते.

त्या माघापासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे माघात आभाळात बघण्यासारखं काय असतं? काही नसतं. आंबा मोहरलेला, खळ्यावर पेंढा रचलेला, कापडे गावाच्या वाटेवर फुफाटा. मी ओटीवर गोधडीत तापानं फणफणलेली. दुपारची वेळ आणि एकाएकी घरात अंधार झाला. मग छपरावर काहीतरी धपाधप पडायला लागलं. पेंढ्याचं छप्पर, त्यामुळे आवाज मोठा नव्हता, पण अंगणातली पितळी कळशी एकसारखी वाजत होती आणि समोरच्या घरचं कुत्रं केकाटत होतं. वाडीतल्या कुणीही तोवर गारा पाहिलेल्या नव्हत्या. घाटावर पडतात एवढं ऐकून होते, पण घाटावर काय वाटेल ते होतं, त्याचं आपल्याला काय? समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं की डोंगरावरून कुणी दगड मारतंय. तो डोक्यावर इरलं धरून अंगणात आला आणि डोंगराकडे बघून ओरडला, "कोन हाय रे त्यो? खाली ये, दावतो तुला!" तू तापलेल्या पोरीपाशी बसलेली असूनही हसलीस. तुझं ते हसणं मला आठवतं, आणि नंतर कपाळावर आलेला गारवा आठवतो. तू लुगड्याच्या फडक्यात गारा बांधल्या होत्यास आणि ती पुरचुंडी माझ्या कपाळावर धरून बसली होतीस. पाणी कानात जात होतं, मानेखाली जात होतं, आणि मला वाटत होतं की हे कधी संपू नये. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. गारांनी उतरला की त्याचा तो उतरला, मला ठाऊक नाही. तूही कधी गारांनी उतरला असं म्हणाली नाहीस.

पण वाडीची एक रीत होती. शिवेच्या आत जे नवं येईल ते आधी देवीचं. पहिली काकडी देवीची, व्यालेल्या गाईचं पहिलं दूध देवीचं, नव्या भाताची पहिली ओंजळ देवीची. मग आभाळातून पडलेली ही नवी चीज कुणाची? गुरवानं लगेच ठरवून टाकलं. गारा थांबल्या तसा तो तांब्याचं घंगाळ घेऊन दारोदार फिरला आणि ज्याच्या त्याच्या अंगणातल्या गारा त्यात गोळा केल्या. देवळापर्यंत पोचेतो त्यांचं पाणी झालं होतं, ते त्यानं देवीच्या पायाशी ठेवलं. आपल्या दारात आला तेव्हा तू आतूनच म्हणालीस, "आमच्याकडचं सरलं." सरलं नव्हतं. माझ्या कपाळावर होतं. विस्तव मागायला आलेल्या शेजारणीनं ते पाहिलं, आणि तेव्हा काही बोलली नाही. बोलायची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ आषाढात आली. त्या वर्षी ऋतूंना कुणी वेसणच घातली नव्हती. मोहर गारांनी झडला, त्यामुळे आंबा नाही. वैशाखात सकाळी असं धुकं पडायचं की गोठ्यातून बैल बाहेर काढला तर शेपूट दिसत नव्हतं. सवच्या गरम झऱ्यांचं पाणी थंड झालं अशी आवई उठली, आणि ती ऐकून माणसं खरोखर घाबरली, कारण सवचं पाणी थंड झालं म्हणजे मग राहिलं काय? ज्येष्ठात पाऊस वेळेवर लागला. राबात, भाजलेल्या वाफ्यात, पेरणी झाली, आवण, म्हणजे भाताची रोपं, हिरवीगार वर आली, सगळ्यांना वाटलं की आता गाडी रुळावर आली. आणि लावणीच्या तोंडावर पाऊस गेला. थोडा कमी झाला असं नव्हे. गेलाच. आषाढात ऊन पडलं, असं ऊन की बायकांनी अंगणात मिरच्या वाळत घातल्या. सावित्री नदीतले धोंडे उघडे पडले. आवणीची टोकं पिवळी व्हायला लागली, आणि माणसं आभाळाकडे बघायची सोडून एकमेकांकडे बघायला लागली.

देवळात कौल लावला तेव्हा मी तुझ्या पदराला धरून उभी होते. देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, गावाकडून काय चुकी झाली काय? उजवी पडली. कुणी देवीचं ठेवून घेतलं काय? परत उजवी पडली. मग आपली शेजारीण पुढे आली. तिनं माघातली पुरचुंडी सांगितली आणि सगळी माना वळवून माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे माझ्या कपाळाकडे. बा तेव्हा लांब, गिरणीत कामाला. त्याचे थोरले चुलतभाऊ, माझे थोरले काका, वाडीचे पंच, खांबाला टेकून बसले होते. थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नसतो, म्हणून ते खांबाशी बोलले. "तिला इचारा, खरं हाय काय?" तूही रीत मोडली नाहीस. डोक्यावरचा पदर पुढे ओढलास, तोंड गुरवाकडे केलंस, आणि बोललीस मात्र अशी की देवळाच्या मागेही ऐकू जावं. "खरं हाय. माझ्या अंगणात पडल्या, माझ्या पोरीला ताप व्हता, मी घेतल्या. देवी आय हाय ना? मग तिला ठावं असंल." मग थोरले काका खांबाला म्हणाले, की तिनं ओलेत्यानं, डोकीवर पाण्याची घागर घेऊन, घरापासून देवळापर्यंत चालत यावं, उंबऱ्यावर नाक घासावं आणि सगळ्यांसमोर चुकी पदरात घ्यावी. तोवर तिच्या शेतात लावणीला कुणी जायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही. "इचारा तिला, कबूल हाय काय?" तू म्हणालीस, "नाय."

लावणीला न येणं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगूनही कळत नाही. मी माझ्या शाळेतल्या मुलींना सांगून पाहिलं आहे. आज सगळी वाडी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही सगळ्या वाडीबरोबर दुसऱ्याच्या शेतात, अशीच लावणी उरकते. एकट्यादुकट्याच्या हातानं ती होत नाही, आवण म्हातारी होते. आणि ती नाही झाली तर पुढचं वर्षभर चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न आहे. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून तर 'नाय' म्हणून घरी आल्यावर तू पहिल्यांदा कळशी उचललीस. आपण दोघी नदीच्या कोंडीतून, उरलेल्या डोहातून, पाणी आणून राबातल्या रोपांना घालत होतो. तू मोठ्या कळशीनं, मी तांब्यानं. बाकीच्यांची रोपं वाळत होती आणि आपली जेमतेम जगत होती, त्याचाही लोकांना राग आला. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा, कारण विझला तर द्यायला कुणी नाही. पोरं मला कोंडीवर गाठून म्हणायची, "हिच्या कपाळापायी पाऊस गेला." एक वेळ तुझ्याविषयी बोलली असती तर मी दगड मारला असता. पण कपाळ माझं होतं. मला ते खरं वाटायला लागलं. मी जेवायची नाही. भात समोर आला की वाटायचं, हा आपण खाऊ नये.

मग बा आला. गिरणीतून लीव, म्हणजे रजा, काढून, आगबोटीनं दासगावला उतरून चालत आला. वाटेत मुद्दाम सवला थांबून झऱ्यात पाय घातला आणि पाय भाजून घेऊन आला. त्या सबंध वर्षात खरं-खोटं करून बघायचं ज्याला सुचलं असा तो एकटा, पण घरात पाऊल टाकताच तोही वाडीसारखंच बोलायला लागला. "नाक घासलं तर नाक झिजत नाय गो. दोन मिन्टांचं काम हाय." तू भाकरी थापत होतीस. "मग तुमी घासा. तुमचं मोठं हाय." तो खरंच थोरल्या काकांकडे गेला, मी घासतो म्हणाला. चालणार नाही म्हणाले, ज्यानं घेतलं त्यानंच घासायचं. परत येऊन तो ओटीवर डोकं धरून बसला. मी कोपऱ्यात होते. मी म्हटलं, "आये, जा ना." एवढंच. तू माझ्याकडे बघितलंस, माझ्या ताटलीतल्या तशाच राहिलेल्या भाताकडे बघितलंस, आणि पिठाचे हात धुतलेस. "उद्या जाते," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू निघालीस. अंगावर ओलं लुगडं, डोकीवर भरलेली घागर. बा पुढे, मी मागे. वाडी सगळी देवळापाशी जाऊन बसलेली, वाटेवर चिटपाखरू नाही. निघालो तेव्हा ऊन होतं हे मी शपथेवर सांगते. पऱ्याच्या, देवळाअलीकडच्या ओढ्याच्या, उतारावर आलो आणि महाबळेश्वराच्या बाजूनं काळोख उतरायला लागला. वारा सुटला. पऱ्याच्या काठाला पोचलो तेव्हा पहिले थेंब आले, आणि मग एकदम सरी. तू थांबलीस. घागर भरलेली होतीच. ती वरून भरून वाहायला लागली, पाणी तुझ्या तोंडावरून, खांद्यांवरून ओघळायला लागलं. बा ओरडला, "चल गो, चल लवकर!" तू हलली नाहीस. आभाळाकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. म्हणालीस, "आला ना? मग आता नाक कशाला?" घागर उतरवलीस, पऱ्यात पालथी केलीस, कमरेवर घेतलीस आणि घराकडे फिरलीस. पलीकडे देवळातून माणसं बाहेर येऊन नाचत होती. ती ओरडत होती ते आपल्याला घरापर्यंत ऐकू येत होतं. "बाय निंगाली नि पाऊस आला!"

आपल्या वाडीची हुशारी यातच आहे. तू फिरलीस हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, पण ते त्यांना नको होतं. निघालीस तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी भर पावसात थोरले काका आणि गुरव आपल्या ओटीवर, खण आणि नारळ घेऊन. काका आता देवळाच्या खांबाशी बोलत नव्हते, आपल्या ओटीच्या मेढीशी, तिथल्या लाकडी खांबाशी, बोलत होते, पण आवाज लोण्यासारखा. देवीनं तिचं निघणंच मान्य केलं. आता नाक नको, काही नको. तिनं ओटी घ्यावी आणि चारचौघांत एकच बोलावं, की देवीनं माफ केलं, माझ्या पावलानं पाऊस आला. उद्या सकाळी सगळी वाडी तिच्या शेतात. बाचे डोळे भरून आले होते. माझ्या तर पोटात भुकेची आग उठली, इतके दिवस न जेवलेल्या पोटात. मला वाटलं, सुटलो. आणि तू गुरवाकडे तोंड करून म्हणालीस, "मी थांबवला नाय, नि मी आनला पन नाय." गुरवाला वाटलं तू लाजतेस. "अगो वयनी, चांगलंच बोलत्यात ना तुला." तू म्हणालीस, "वाईट बोलला तवा खोटं व्हतं, आता चांगलं बोलताव तं खरं कसं व्हईल? नारळ देवीला फोडा. खण तुमच्या सुनेला द्या." ते उठले. जाताना काका पहिल्यांदा नि शेवटचं तुझ्याकडे बघून बोलले. "ताठा चुलीवर शिजत नाय." ते मात्र त्यांचं खरं निघालं.

लावणी आपण तिघांनी केली. लीव संपली तरी बा राहिला, आणि त्यापायी गिरणीतली त्याची जागा गेली. कोंडीतल्या पाण्यावर जगवलेली ती आवण, आपण ती उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलात वाकायचं, आणि शेजारच्या शेतात चाळीस माणसं गाणी म्हणत पुढे सरकायची. गोष्टीत अशा वेळी एखादी बाई अंधारात लपून मदतीला येते. आपल्याकडे कुणी आलं नाही. निम्मं शेत लागलं, निम्मं तसंच राहिलं. एकदा कमरेत कळ आली तेव्हा मी चिखलातच बसले आणि म्हटलं, एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तू चिखलाच्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातलास. नंतर तोच हात तिथेच ठेवून म्हणालीस, "आज मी आनला म्हनले, तर पुढच्या साली नाय आला की परत माझ्याच दारात येतील. मी मेले की तुझ्या दारात. ऊठ." मी उठले. पटलं म्हणून नाही, धपाट्याला घाबरून. त्या हिवाळ्यात आपण भाताची पेज पुरवून खाल्ली, मग नाचणी, मग रानातल्या करांद्याच्या कंदांवर दिवस काढले, आणि मी मनातल्या मनात रोज तुझ्याशी भांडत होते.

दोन-तीन वर्षांनी कार्तिकात, भात कापून शेतात पडलेलं असताना, पाऊस आला आणि जाईना. लोंब्यांना शेतातच मोड आले. कार्तिकात असा पाऊस कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता. आणि गुरव आपल्या दारात. "वयनी, तू आनलास तवा आला. आता जरा थांबव." तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. "अरे, मला आनता येत नाय, तं थांबवता कसा येईल? तुझ्या घंगाळात गोळा कर नि देवीच्या पायाशी ठेव!" त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझा धपाटा पटला. तुला सांगायचं राहून गेलं. पुढच्याच भादव्यात तू तापानं गेलीस, बा एकटा पडला म्हणून मला मावशीनं महाडला आणलं, शाळेत घातलं, आणि आता मी तिथेच मुलींच्या शाळेत शिकवते. भूगोलाच्या तासाला फळ्यावर समुद्र काढते, सह्याद्री काढते, वाफेचे बाण काढते, आणि मुली विचारतात, बाई, मग माघात गारा कशा पडतात? मी सांगते, पडतात कधी कधी. कुणामुळे नाही. एवढं सांगताना माझा आवाज चढतो, आणि मुलींना वाटतं बाई रागावल्या.

यंदा पुन्हा आषाढ कोरडा निघाला. परवा थोरल्या काकांचा मुलगा आणि गुरवाचा मुलगा महाडला माझ्या खोलीवर आले. पऱ्याच्या काठावर, तू थांबलीस तिथे, म्हणे एक पाषाण बसवलाय. बायका फुलं वाहतात. तिला 'पावसाची आय' म्हणतात. यंदा पाषाणाची रीतसर पूजा करायची आहे, लेकीच्या हातची ओटी हवी, मग पाऊस येईल. कोण बोलतंय, तर ज्यांच्या घरातून तुला निखारा मिळाला नाही त्या घरातले हे दोघे. मी म्हटलं, माझ्या आयेनं पाऊस आणला नाही. गुरवाचा मुलगा गोड हसला, म्हणाला, "तुमी शिकलेल्या, तुमाला नाय पटायचं. पन लोकांची श्रद्धा हाय." मी म्हटलं, शिकण्याचा काय संबंध, ती स्वतः सांगून गेली, तुझ्या बापाला तोंडावर सांगून गेली. मग काकांच्या मुलानं विचारलं, अगदी साधेपणानं विचारलं, "मंग आमी लोकांना तिथं सांगायचं काय, ताय?" मी म्हटलं, सांगा, ही बाई देवळाकडे निघाली होती आणि इथून परत फिरली. पाषाण ठेवायचाच असेल तर त्यासाठी ठेवा. तो म्हणाला, "असं कुठं कुनाचा पाषान असतो काय?" मी म्हटलं, नसेल तर हा पहिला. ओटी द्यायला मी येणार नाही.

ते गेले. पाऊस अजून नाही. उद्या आला तर म्हणतील लेकीकडे जाऊन आलो म्हणून आला, आणि नाही आला तर म्हणतील तिनं ओटी दिली नाही म्हणून गेला. येऊ देत माझ्या दारात. तू सांगितलंच होतंस, मी तयार आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, उद्या चुलीला लावीन. फक्त एक सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. दोघे उन्हात चालत आलेले, घामानं भिजलेले, एवढा वेळ माझ्या दारात उभ्यानं बोलत होते. आत चटई अंथरलेली होती. तू असतीस तर आधी बसायला सांगितलं असतंस, पाणी दिलं असतंस आणि मग नाही म्हणाली असतीस. मी बसा म्हटलं नाही, आये. आणि मला फार बरं वाटलं.